लग्नाच्या डीव्हीडीची 'इमेज' काढायची म्हणजे नेमकं काय करायचं?

दुधनाकाठ, सेलू

राम राम मंडळी. एक अडचण घेऊन आलोय, जरा सविस्तर लिहितो.

बहिणीचं लग्न २००८ चं. शूटिंग इथल्याच एका स्टुडिओनं केलेलं, त्यानं दोन डीव्हीडी दिल्या होत्या. स्टुडिओ कधीच बंद पडला, मूळ टेपही राहिल्या नाहीत. दोन नंबरच्या डीव्हीडीत लग्न आहे, ती नीट चालते. एक नंबरच्या डीव्हीडीत हळदीचा दिवस आहे आणि तीच अडकायली. त्यात आमची आज्जी आणि गल्लीतल्या बाया जात्यावर हळद दळताना गाणी म्हणायल्यात, चांगली वीस मिनिटं. आज्जी २०१४ ला गेली. तिच्या आवाजाचं दुसरं काहीच आमच्याजवळ नाही. ती गाणी आता गल्लीत कुणाला सलग येत नाहीत, आईला सुद्धा मधल्या ओळी आठवत नाहीत.

मी डीव्हीडी कंप्युटरला लावून आतला फोल्डर कॉपी करायला घेतला. तिसरी फाइल निम्मी झाली की ड्राइव्हची घरघर सुरू होते, मग एरर येतो, आणि तोवर झालेली निम्मी फाइल पण गायब होते. एका मित्रानं सांगितलं, फाइल कॉपी करू नको, आयएसओ इमेज काढ. इमेज म्हणल्यावर मला फोटोच वाटला. कॉपी आणि इमेज यात फरक काय? आणि जी फाइल वाचलीच जाईना, ती इमेजमध्ये तरी कशी येणार?

दुरुस्तीवाला, नांदेड

दुधनाकाठ दादा, सगळ्यात आधी एक. त्या डीव्हीडीला टूथपेस्ट, पेट्रोल, स्पिरिट यातलं काहीही लावू नका. साध्या पाण्यानं धुवा, मऊ सुती कापडानं मधल्या छिद्राकडून कडेकडं सरळ पुसा, गोल गोल फिरवू नका. डेटा गोल वाटेनं लिहिलेला असतो. गोल पुसताना चरा पडला तर तो त्या वाटेवरूनच लांबपर्यंत जातो. आडवा चरा वाट नुसती ओलांडतो, तेवढं नुकसान ड्राइव्हला भरून काढता येतं. वाळवायची ती सावलीत.

आता इमेज. जुनी पोथी डोळ्यापुढं आणा, सुट्या पानांची, प्रत्येक पानावर आकडा घातलेली. डीव्हीडी तशीच असते. तिच्या एका पानाला सेक्टर म्हणतात आणि त्यात २०४८ बाइट मावतात. भरलेल्या साध्या डीव्हीडीवर अशी सुमारे २३ लाख पानं. पहिल्या काही पानांवर अनुक्रमणिका असते, कोणती फाइल कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत.

तुम्ही फाइल कॉपी करता तेव्हा कंप्युटर अनुक्रमणिका बघतो आणि तेवढीच पानं उचलायला जातो. मधलं एक पान फाटकं निघालं की तो काम टाकून देतो, आधी उचललेली पानं सुद्धा टाकतो. तुमच्याकडं हेच होतंय.

इमेज काढणारा प्रोग्रॅम फाइलकडं बघतच नाही. पान शून्यापासून शेवटच्या पानापर्यंत, जसं आहे तसं, त्याच क्रमानं एका मोठ्या फाइलीत उतरवत जातो. अनुक्रमणिका, मेनू, फाइलींची नावं, मधली रिकामी जागा, सगळं. म्हणून ती अख्ख्या डीव्हीडीची प्रतिमा. नंतर ती फाइल उघडली की कंप्युटरला वाटतं खरीच डीव्हीडी आत घातली आहे. विंडोज ८ पासून पुढं आयएसओवर दोनदा क्लिक केलं की नवा ड्राइव्ह दिसायला लागतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. त्याला माउंट करणं म्हणतात. विंडोज ७ ला मात्र वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

तुमचा दुसरा प्रश्न खरा महत्त्वाचा आहे. वाचलं न जाणारं पान इमेजमध्येही येत नाही, इथं काही चमत्कार नाही. पण चांगला प्रोग्रॅम तिथं थांबत नाही. त्या आकड्याचं कोरं पान ठेवतो आणि पुढं जातो. कोरं पान ठेवल्यामुळं पुढची सगळी पानं आपापल्या जागी राहतात, अनुक्रमणिका चुकत नाही. डीव्हीडीवर दुरुस्तीचा हिशोब १६ सेक्टरांच्या गठ्ठ्यावर चालतो, म्हणून गेलं तर साधारण ३२ केबी एकदम जातं. लग्नाच्या व्हिडिओत ३२ केबी म्हणजे सेकंदाचा विसावा भाग धरा. पडद्यावर चौकटी चमकतील, आवाज जरासा तुटेल आणि गाणं पुढं चालू होईल. कॉपीत मात्र अख्खी १ जीबीची फाइल हातची जाते.

बालाघाट, अंबाजोगाई

हा धागा सहा वर्षांपूर्वी वाचायला मिळाला असता तर बरं झालं असतं.

आमच्या आजोबांचे अभंग परळीच्या एका दुकानातून कॅसेटवरून ऑडिओ सीडीत उतरवून घेतले होते. मी त्या सीडीवरच्या 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशा सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या. दोन सेकंदात झालं. नवा कंप्युटर आहे, म्हणून पटकन झालं असं वाटलं. घर रंगवताना जुन्या सीड्या भंगारात दिल्या. नंतर बघतो तर प्रत्येक फाइल ४४ बाइटची. आवाज कशातच नाही.

ऑडिओ सीडीवर फाइल नावाची गोष्टच नसते हे मला नंतर कळलं. विंडोज तिथं जे दाखवतं ते फक्त 'हे गाणं इथून सुरू होतं' असं सांगणाऱ्या चिठ्ठ्या असतात. मी चिठ्ठ्या ठेवल्या आणि गाणी दिली. वाचणाऱ्यांपैकी कुणाकडं घरगुती ऑडिओ सीडी असेल तर कॉपी झाल्यावर फाइलीचा आकार बघा, वाजवून बघा, आणि मूळ सीडी तरीही टाकू नका.

दुधनाकाठ, सेलू

बालाघाट दादा, वाचून वाईट वाटलं. कॅसेट पण नाही का राहिली?

दुरुस्तीवाले दादा, पोथीचं लगेच समजलं. आमच्याकडं गावच्या सप्ताहातल्या कीर्तनाच्या चार व्हीसीडी पण आहेत, २००३-०४ च्या. त्यांचीही आयएसओच काढायची ना?

दुरुस्तीवाला, नांदेड

नाही, व्हीसीडीला साधी आयएसओ चालत नाही. ही चूक दुकानात रोज बघतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सीडीच्या एका सेक्टरमध्ये मुळात २३५२ बाइट असतात. डेटा सीडीत त्यातले २०४८ तुमच्या कामाचे आणि उरलेले ३०४ सेक्टरचा पत्ता, ओळख आणि चुका दुरुस्त करायच्या हिशोबाचे. सॉफ्टवेअर किंवा पैशाच्या हिशोबाच्या फाइलीत एक अक्षर चुकलं तरी चालत नाही, म्हणून ही जास्तीची राखण. आवाजात आणि चित्रात एखादा ठिपका चुकला तर कुणाला कळत नाही, म्हणून ऑडिओ सीडीत पूर्ण २३५२ बाइट गाण्यालाच दिलेत. व्हीसीडी मधल्या वाटेची, तिच्या व्हिडिओच्या सेक्टरमध्ये २३२४ बाइट चित्र-आवाजाचे. अशा ७५ सेक्टरचा एक सेकंद. त्या मापानंच ७४ मिनिटांच्या सीडीत कीर्तन बसवायचे, म्हणून एका कीर्तनाच्या दोन-दोन सीड्या निघायच्या.

आयएसओ फाइल फक्त २०४८ च्या मापानं मोजते. २३२४ चं पान २०४८ च्या साच्यात बसणार कसं? म्हणून व्हीसीडी आणि ऑडिओ सीडीची इमेज 'बिन' आणि 'क्यू' अशा जोडीनं काढतात. बिनमध्ये सगळे २३५२ बाइट जसेच्या तसे. क्यू ही लहानशी मजकुराची फाइल, तिच्यात कोणता ट्रॅक कुठं सुरू होतो ते लिहिलेलं. विंडोजवर इमेजबर्न नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, तो सीडी बघून कोणता प्रकार लागेल ते स्वतःच ठरवतो. लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) सीडीआरडीएओ आहे. उघडायला विनसीडीएमू घ्या, विंडोजचं दोनदा क्लिक बिन-क्यूला चालत नाही.

आणि बिन फाइलीचं नाव नंतर बदलू नका. क्यूच्या आत जुनंच नाव लिहिलेलं असतं. बदललंच असेल तर क्यू नोटपॅडमध्ये उघडा आणि तिथंही तेच नाव घाला. गेल्या महिन्यात एक काका हिंगोलीहून हार्ड डिस्क घेऊन आले होते, 'सगळ्या इमेज खराब झाल्या' म्हणून. त्यांच्या नातवानं फाइलींना छान मराठी नावं दिली होती, एवढंच झालं होतं.

बालाघाट, अंबाजोगाई

कॅसेट मावशीकडं असायची शक्यता आहे. विचारतो.

खिळेजुळणी, लातूर

आमचं डीटीपीचं आणि छपाईचं काम आहे, वडिलांपासून. आमच्याकडं इमेजचा उपयोग वेगळाच आहे, तोही लिहून ठेवतो.

पंधरा-सोळा वर्षांच्या लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गावोगावच्या यात्रेची पत्रकं जुन्या मराठी फाँटात आहेत. तो फाँट युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कंप्युटरवर सारखी चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीचा. आजच्या कंप्युटरवर ती फाइल उघडली की सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. ती फाइल नीट उघडायला जुनं सॉफ्टवेअर लागतं, ते विंडोज एक्सपीवरच चालतं, आणि त्याची रीतसर विकत घेतलेली एकच सीडी आमच्याकडं आहे. सीडीच्या वरच्या बाजूला वडिलांनी बॉलपेननं तारीख लिहिली होती. सीडीत डेटाचा थर वरच्या बाजूला, शाईखाली अगदी पातळ लाखेच्या थराआड असतो. पेनचं टोक तिथं रुतलं की खालून कितीही पुसा, फरक पडत नाही. डीव्हीडीत तो थर दोन प्लास्टिकच्या मध्ये असतो, म्हणून ती वरून थोडी तरी तग धरते.

ती सीडी अजून वाचली जात होती तेव्हाच तिची आयएसओ काढून ठेवली. आता नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपी चालवतो, म्हणजे कंप्युटरच्या आत एक जुना कंप्युटर, आणि त्याच्या सीडी ड्राइव्हला ती आयएसओ जोडून देतो. त्याला नेट मात्र जोडत नाही, एक्सपीला आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. २०११ ची पत्रिका घेऊन गिऱ्हाईक आलं, 'धाकट्याचं लग्न आहे, थोरल्यासारखीच काढा' म्हणालं, तर पाच मिनिटात ती जुनी फाइल उघडते.

हे कायद्यात बसतं का असं एकानं विचारलं होतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ बघा. ज्याच्याकडं सॉफ्टवेअरची कायदेशीर प्रत आहे त्याला ती हरवू किंवा खराब होऊ नये म्हणून राखीव प्रत करता येते, ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी. दुसऱ्याच्या सीडीची इमेज काढून वाटणं वेगळं, तो सरळ गुन्हा आहे. दोन्ही कामं एकाच प्रोग्रॅमनं होतात म्हणून लोक इमेज म्हटलं की चोरीच समजतात, ते मला पटत नाही.

फळा_खडू, जिंतूर तालुका

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आयएसओशी माझी ओळख शाळेच्या दहा कंप्युटरमुळं झाली. विंडोज १० चा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ही मशीनं विंडोज ११ घेत नाहीत, म्हणून लिनक्स मिंट टाकायचं ठरवलं.

आता ही आयएसओ कुठल्या सीडीवरून काढलेली नसते. तयार करणारे ती थेट इमेज म्हणूनच बनवतात. म्हणजे सीडी संपली तरी तिचा साचा राहिला. एका फाइलीत पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम, तिचा सुरू व्हायचा भाग सुद्धा.

शाळेत नेट पुरत नाही. मी जिंतूरला नातेवाइकाकडं रात्री डाउनलोड लावलं, दोनदा तुटलं, सकाळी पूर्ण दिसलं. पेनड्राइव्हवर फाइल टाकली आणि शाळेत आलो तर कंप्युटर तिच्याकडं बघेनाच. दोन चुका झाल्या होत्या. पहिली, आयएसओ पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. कंप्युटर चालू होताना पेनड्राइव्हच्या सुरुवातीला काय आहे ते बघतो, आत ठेवलेल्या फाइलीच्या पोटात शिरून बघत नाही. त्यासाठी रुफस किंवा इचरसारखा प्रोग्रॅम लागतो, जो इमेज पेनड्राइव्हवर बूट होईल, म्हणजे त्यावरून कंप्युटर सुरू होईल, अशी उतरवतो. आता मी व्हेंटॉय वापरतो. ते एकदा पेनड्राइव्हवर बसवलं की मग आयएसओ खरोखरच नुसत्या कॉपी करता येतात, चार-पाच वेगवेगळ्या सुद्धा, आणि सुरू करताना कोणती हवी ते विचारतं.

दुसरी चूक जास्त त्रासाची. डाउनलोड झालेली फाइल बिघडलेली होती. आकार बरोबर, आत कुठंतरी काही बाइट चुकलेले. निम्मं इन्स्टॉलेशन होऊन अडकायचं, आणि मी कंप्युटरला दोष देत बसलो, दोन दिवस. मिंटच्या संकेतस्थळावर आयएसओच्या शेजारी ६४ अक्षरांची एक ओळ दिलेली असते, शा-२५६ हॅश. फाइलीतला एक बाइट जरी बदलला तरी ती ओळ पूर्ण वेगळी येते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा आहे, तिला हॅशफाइल हा पर्याय, फाइलीचं नाव आणि शा-२५६ सांगितलं की आपल्या फाइलीची ओळ निघते. दोन्ही जुळल्या तरच पुढं जायचं. सातवीच्या मुलांना मी ही ओळ फळ्यावर चार-चार अक्षरं करून ताडून बघायला लावली. ती आता माझ्याआधी विचारतात, 'सर, हॅश बघितला का?'

कॉलेजकट्टा, छत्रपती संभाजीनगर

नावाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आयएसओ ९६६० हे १९८८ चं आंतरराष्ट्रीय मानक, सीडीवर फाइली कशा मांडायच्या त्याचं. त्यावरून या फाइलीला आयएसओ नाव पडलं. त्याच्या सगळ्यात साध्या पातळीत फाइलीचं नाव आठ अक्षरं आणि पुढं तीन एवढंच बसायचं, तेही मोठ्या इंग्रजी अक्षरांत. देवनागरी नाव द्यायची सोयच नव्हती. मायक्रोसॉफ्टनं नंतर ज्युलिएट नावाची जोड दिली तेव्हा युनिकोड नावं शक्य झाली. जुन्या सीडीवर फाइलींची नावं नुसत्या रेघा दिसत असतील तर फाइल खराब आहे असं लगेच समजू नका, नाव लिहितानाच गेलेलं असू शकतं.

एक सावधगिरीचं पण. ई-मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी माणसाकडून 'बिल', 'निविदा', 'ऑर्डर' नावाची आयएसओ आली तर दोनदा क्लिक करू नका. नेटवरून आलेल्या फाइलीवर विंडोज एक खूण लावतं आणि उघडताना इशारा देतं. आयएसओच्या आतल्या फाइलींवर ती खूण उतरत नव्हती, त्याचा फायदा घेऊन बऱ्याच जणांना फसवलं गेलं. नोव्हेंबर २०२२ च्या अपडेटमध्ये ते दुरुस्त झालं, पण आपल्याकडं कितीतरी दुकानांत अपडेट बंद करून ठेवलेली मशीनं आहेत.

दुधनाकाठ, सेलू

आज बसलोय. इमेजबर्ननं प्रयत्न केला, ४१ टक्क्यांवर अडकून एकाच जागी फिरायला लागलं. तास झाला. थांबवू का?

दुरुस्तीवाला, नांदेड

थांबवा. आता डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम लागेल. शाळेच्या सरांनी सांगितलं तसा लिनक्सचा पेनड्राइव्ह करा, विंडोज न पुसता त्यावरूनच मशीन चालू करा, आणि डीडीरेस्क्यू टाकून घ्या. उबुंटू-मिंटमध्ये पॅकेजचं नाव 'जीडीडीरेस्क्यू' आहे. इमेज मात्र हार्ड डिस्कवर साठवा, तिथल्या डेस्कटॉपवर नाही. तो डेस्कटॉप मेमरीत असतो, मशीन बंद झालं की गेला.

त्याची रीत साध्या प्रोग्रॅमपेक्षा वेगळी आहे. वाईट जागा आली की तो तिथं झगडत बसत नाही, उडी मारून पुढं जातो आणि आधी सगळं चांगलं चांगलं गोळा करतो. काय मिळालं आणि काय राहिलं हे एका छोट्या फाइलीत लिहून ठेवतो, तिला मॅप फाइल म्हणतात. मग मागं येऊन राहिलेल्या जागा कडेकडेनं कुरतडतो. आज्ञेत क्रम पाळा, आधी ड्राइव्ह, मग इमेजचं नाव, मग मॅपचं नाव. सेक्टरचा आकार २०४८ सांगा. पहिल्या फेरीला 'एन' पर्याय द्या म्हणजे कुरतडणं टळेल. दुसऱ्या फेरीला 'डी' आणि तीन वेळा प्रयत्न असं सांगा.

रात्रभर लागू शकतं. लाइट गेली तरी घाबरू नका. लाइट आल्यावर तीच आज्ञा, तोच मॅप द्या, जिथं थांबलं तिथून पुढं चालू होतं. आपल्याकडं या एका गोष्टीसाठी तरी मी दुसरं काही वापरत नाही.

दुधनाकाठ, सेलू

सकाळी सहाला बघितलं. लाइट रात्रीतून दोनदा गेली होती, दोन्ही वेळा उठून परत सुरू केलं, बरोबर पुढून लागलं.

४.३ जीबीपैकी ३८ एमबी राहिलंय. तीन फेऱ्या झाल्या तरी हलत नाही. इमेज माउंट करून बघितली. नेमकं गाणं सुरू होतं तिथंच. पहिली सहा-सात मिनिटं तुटक तुटक, आवाज मधूनच जातो. पुढचं सगळं स्वच्छ आहे. आज्जी शेवटाला डोक्यावरचा पदर सावरून कॅमेऱ्याकडं बघते, ते दिसलं. आईला अजून दाखवलं नाही, पूर्ण झाल्यावर दाखवीन म्हणतो.

दुरुस्तीवाला, नांदेड

दादा, बहिणीच्या सासरी दुसरा सेट दिलेला असेल ना? स्टुडिओवाले बहुतेक दोन्ही घरी एकेक सेट द्यायचे.

दुधनाकाठ, सेलू

हो! उदगीरला. पण ती पण अडकते म्हणून त्यांनी बघणं सोडलंय, असं दाजी म्हणाले होते.

दुरुस्तीवाला, नांदेड

अडकू द्या. तुमची अडकते ती जागा आणि त्यांची अडकते ती जागा एकच असेल असं नाही. चरे दोन्ही घरांत वेगवेगळे पडलेले असतात. फाटलेल्या पोथीच्या दोन प्रती असल्या तर एकीचं फाटकं पान दुसरीत साबूत मिळतं, तसं.

एक गोष्ट मात्र तपासावी लागेल, दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून काढलेल्या असल्या पाहिजेत. दोन्ही डीव्हीडीवरच्या आयएफओ नावाच्या छोट्या फाइली घ्या आणि त्यांचे हॅश काढा. कोणतं दृश्य कोणत्या सेक्टरला आहे ते त्या फाइलीत लिहिलेलं असतं. हॅश जुळले आणि एकूण आकारही सारखा निघाला तर पानांची मांडणी एकच आहे. मग उदगीरची डीव्हीडी ड्राइव्हमध्ये घाला आणि तीच आज्ञा, तीच इमेज, तोच मॅप द्या. डीडीरेस्क्यू फक्त राहिलेली ३८ एमबी तिच्यातून मागेल. आधी आत्ताच्या इमेजची आणि मॅपची एक प्रत बाजूला काढून ठेवा, काही चुकलं तर परत येता यावं म्हणून.

लिंबाची_सावली, धाराशिव

मी आतापर्यंत नुसती वाचत होते. आमच्याकडंही लग्नाच्या डीव्हीडी पत्र्याच्या खोलीत ट्रंकेत आहेत, दर मे महिन्यात ती खोली भट्टीसारखी तापते. आज काढून बघितल्या, एकीच्या कडेला तपकिरी डाग आलाय. लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत रंगद्रव्याचा थर असतो आणि ऊन-उष्णतेनं तो खराब होतो हे इथल्याच एका जुन्या चर्चेत वाचलं होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदा बघितलं. आठवडाभरात सगळ्यांच्या इमेज काढणार.

दोन शंका आहेत. मुलींना फोनवर बघायचं आहे, त्याला आयएसओ चालेल का? आणि मी एक इमेज पेनड्राइव्हवर टाकायला गेले तर 'फाइल फार मोठी आहे' असं आलं, पेनड्राइव्ह तर ३२ जीबीचा रिकामा आहे.

दुरुस्तीवाला, नांदेड

ताई, पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल. त्यात एकटी फाइल ४ जीबीच्या पुढं बसत नाही, पेनड्राइव्ह कितीही मोठा असो. एक्सफॅट करून घ्या. त्यानं आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी रिकामा असल्याची खात्री करा.

फोनसाठी वेगळी एमपी४ काढा. हँडब्रेक नावाचा मोफत प्रोग्रॅम आयएसओमधून थेट काढून देतो. पण एमपी४ झाली म्हणून इमेज पुसू नका. एमपी४ करताना चित्र पुन्हा दाबलं जातं, थोडं हरवतंच, मेनूही जातो. दहा वर्षांनी दुसरी काही पद्धत आली तर तुम्हाला मूळ इमेजवरूनच काढावं लागेल. इमेज दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एक घरात आणि एक दुसऱ्या गावी नातेवाइकाकडं. शेजारी हॅशची ओळ एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवा, म्हणजे पाच वर्षांनी फाइल शाबूत आहे का ते कळेल.

ज्या डीव्हीडीला डाग आलाय ती सगळ्यात आधी करा.

बालाघाट, अंबाजोगाई

मावशीकडं कॅसेट सापडली. दोनपैकी एक. फीत जागेवर आहे, बुरशी दिसत नाही. वाजवून बघायची हिंमत होईना, प्लेअरनं गिळली तर काय. नांदेडला कोणत्या वारी येऊ?

दुरुस्तीवाला, नांदेड

मंगळवार सोडून कधीही या. घरी वाजवू नका, बरं केलंत. कॅसेट चुंबकापासून, स्पीकरपासून लांब ठेवून आणा.

दुधनाकाठ, सेलू

उदगीरला जाऊन आलो. दाजींनी डीव्हीडी कुंकवाच्या करंड्याजवळ रुमालात गुंडाळून ठेवलेली होती. आयएफओचे हॅश जुळले, सगळेच्या सगळे. एकूण आकारही बाइटपर्यंत तोच.

त्यांची डीव्हीडी शेवटाकडं खराब आहे, जेवणाच्या पंगतीत अडकते. गाण्याची जागा तिच्यात स्वच्छ होती. बावीस मिनिटांत ३८ एमबीचं ९६ केबीवर आलं. ते ९६ केबी दोन्हीतही वाचेनात, पण ती जागा मांडवातल्या पाहुण्यांची आहे, नुसतं एक चमकून जातं.

काल रात्री आई, मी आणि फोनवर बहीण असे तिघांनी हळदीचं अख्खं ऐकलं. आईनं थांबवून थांबवून ऐकलं. ज्या ओळी तिला आठवत नव्हत्या त्या ती वहीत लिहून घ्यायली, आज सकाळपासून दुसऱ्या गाण्यावर आलीय. बहिणीनं सांगितलं की उदगीरकडं हेच गाणं जरा वेगळ्या चालीत म्हणतात, तिच्या सासूबाईंना येतं. ते पण रेकॉर्ड करायचं ठरलंय.

एकच विचारायचं राहिलं. मॅप फाइल आता टाकून दिली तर चालेल का? आणि आमची ती खराब डीव्हीडी?

दुरुस्तीवाला, नांदेड

दोन्ही ठेवा. मॅपमध्ये त्या ९६ केबींची नेमकी जागा लिहिलेली आहे. स्टुडिओवाल्यानं नवऱ्या मुलाच्या मामाला किंवा आणखी कुणाला तिसरा सेट दिला असेल तर त्यातून तेवढंच मागता येईल. विचारून बघा.

दुधनाकाठ, सेलू

दाजींचे मामा अहमदपूरला असतात. आज फोन लावतो.